नाकासमोर

"मशीन बंद पडलंय का हो?" गुरुप्रसादनं विचारलं. हनुवटी प्लास्टिकच्या खोबणीत टेकवलेली, एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण. समोरच्या पांढऱ्या घुमटात मधोमध एक पिवळा ठिपका होता. त्याच्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठे बारीकसा उजेड चमकला की बटण दाबायचं, एवढंच काम. सुरुवातीला त्यानं हौसेनं दाबलं, लहानपणी जत्रेत बंदुकीनं फुगे फोडताना यायची तशी गंमतही वाटली. मग बराच वेळ काही चमकेचना. बाजूच्या अंधारात बसलेली मुलगी संगणकावरून नजर न काढता म्हणाली, "चालूच आहे सर. तुम्ही समोर बघा." तो समोर बघत राहिला. यंत्राच्या आतून टिक, टिक असा आवाज येत होता. म्हणजे दर वेळी कुठेतरी एक दिवा लागत होता आणि विझत होता, आणि त्याला फक्त आवाज येत होता. त्याच्या पाठीतून घामाची एक रेघ खाली उतरली. मग त्यानं आवाजावर बटण दाबायला सुरुवात केली. परीक्षेत कॉपी करावी तशी ही लबाडी होती, आणि आयुष्यात कधी कॉपी न केलेल्या माणसानं ती पन्नाशी ओलांडल्यावर डोळ्यांच्या दवाखान्यात करावी, याला काय म्हणावं! मुलगी म्हणाली, "सर, उगाच दाबू नका, पुन्हा करावं लागेल."

डॉक्टरीणबाई मात्र गोड बोलणाऱ्या होत्या. काचबिंदू, त्या म्हणाल्या. नजरेच्या कडा गेल्यात, दोन्ही डोळ्यांच्या, डावीकडे फारच. गेलेलं परत येत नाही; राहिलंय ते थेंबांनी सांभाळू. आणि गाडी चालवणं आता बंद. घरी सांगा. गुरुप्रसाद म्हणाला, "हो." तो नेहमीच हो म्हणायचा. तो नोकरीला असलेल्या संस्थेनं बदली करून केर्लीच्या पुढच्या शाखेत टाकलं तेव्हाही हो, बायकोनं, श्यामलानं, शाळेतली नोकरी सोडते म्हटलं तेव्हाही हो. त्याच्या 'हो'ला कुणी विचारत नसे की बाबा, पटलं म्हणून म्हणतोस की नाही म्हणता येत नाही म्हणून. त्या संध्याकाळी घरी सांगायचंच असं पक्कं ठरवून तो कसबा बावड्यातल्या आपल्या अपार्टमेंटच्या फाटकातून आत शिरला, तर पार्किंगमध्ये माणसं गोळा झालेली आणि मधोमध उभा श्यामलाचा ट्रेलर.

उद्यमनगरातून बनवून आणलेला तो डबा खरोखर देखणा होता. पिवळा रंग, उघडणारी खिडकी, आत शेगड्यांची जागा, वर लाल अक्षरांत 'श्यामलाची आंबोळी'. वीस-बावीस वर्षं एका खासगी शाळेत दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसून ती कंटाळली होती. जोतिबाच्या रस्त्यावर, चढ सुरू व्हायच्या आधी, भाविक चहाला थांबतात तिथे हा ट्रेलर लावायचा. सकाळी गुरुप्रसादनं तो ओढत न्यायचा, तिला सोडून तसंच पुढे आपल्या ऑफिसला जायचं, येताना पुन्हा जोडून आणायचा. एकाच गाडीत दोघांची कामं. त्यांच्या लहान गाडीला तो डबा हलतसुद्धा नव्हता, म्हणून जुनी का होईना, पण दणकट डिझेल पिकअप हवी. पुण्याहून लेक अवनी फोनवर गाड्यांचे फोटो पाठवत होती. शेजारचे लोक पार्किंग अडलं म्हणून धुसफुसत होते. श्यामला चाकापाशी उभी होती, कपाळावर घाम, आणि तिच्या तोंडावर असा काही उजेड होता की गुरुप्रसादनं ठरवलेलं वाक्य तसंच ठेवून दिलं. उद्या सांगू, त्याला वाटलं. तेव्हापासून रोजचा उद्या पुढे सरकत होता. थेंबांची बाटली ऑफिसच्या खणात होती, आणि स्कूटर तो 'कंबर धरलीये' म्हणून चालवत नव्हता. कंबर बिचारी ठणठणीत होती.

नाकासमोर बघून चालणारा मुलगा, असं त्याचं लहानपणापासून कौतुक व्हायचं. मुली बघायच्या वयातही तो इकडे तिकडे बघत नसे. श्यामलाच्या वडिलांनी याच एका गुणावर स्थळ पसंत केलं होतं. आता देवानं ते कौतुक शब्दशः मनावर घेतलं होतं. नाकासमोरचं तेवढं लख्ख दिसायचं: पाटी, सिग्नल, समोरच्या माणसाच्या शर्टाचं तुटलेलं बटण. बाकीचं काळं नव्हतं, हेच तर भयंकर होतं. काळं दिसलं असतं तर माणूस सावध झाला असता. तिथे काहीच नव्हतं. जिथे काही दिसत नाही तिथे काही नाहीच, असं डोळे खुशाल सांगत आणि मन ते खरं मानत असे. मग त्या काहीच नसलेल्या जागेतून एकदम एखादं माणूस, दाराची चौकट, चहाचा कप असं काहीतरी अंगावर येई. त्याचे वडील वसंतराव शेवटची काही वर्षं असेच हातानं भिंत चाचपत चालायचे. जेवताना डावीकडची चटणी तशीच राहायची, आणि आई म्हणायची, "चटणीनं काय घोडं मारलंय तुमचं?" एकदा भर दुपारी अंगणात त्यांनी विचारलं होतं, "लाईट गेली का रे?" आणि सगळे किती हसले होते. गुरुप्रसादला आता तो प्रश्न मधूनच ऐकू यायचा. ऑफिसात बिलांवर सह्या घेताना, दाढी करताना. त्यांनी तो गमतीनं विचारला नव्हता, एवढंच त्याला कळत होतं.

उचगावातली पिकअप अवनीनंच शोधली. येताना पिकअपच आणू, असं श्यामला म्हणाली, म्हणून रविवारी दुपारी दोघं रिक्षानं गेले. रिक्षात श्यामला हिशेबाचं नाही, आंबोळीच्या पिठाचं बोलत होती. थंडीत पीठ फुगत नाही, गरम कपड्यात गुंडाळून ठेवावं लागेल, म्हणत होती. तिच्याकडे मान वळवून तो ऐकत होता. आज गाडी पसंतच पडणार नाही, असा बेत त्यानं रात्रीच केला होता. इंजिन धूर टाकतंय, टायर गेलेत, किंमत जास्त आहे, काहीही. अशा दहा गाड्या नापसंत कराव्यात, तोवर श्यामलाला कुणी ड्रायव्हर ठेवायचं सुचेल, किंवा तिचाच उत्साह ओसरेल. हा बेत किती हलकट आहे हे त्याला कळत होतं. पण 'नाही' म्हणायची त्याला एवढीच वाट सापडली होती.

गाडीचे मालक गणपतराव म्हणजे आयुष्यभर जनावरांची दलाली केलेला माणूस. डोक्याला पटका, खांद्यावर टॉवेल, आवाज असा की घरात बोलला तर रस्त्यावरच्यानं ओ द्यावी. "या की पावणं! बसा! बायडा, च्या टाक!" पिकअप गोठ्याच्या अंगाला उभी होती. कधीकाळी पांढरी असावी. काचेवर वरच्या बाजूला 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'. मागच्या हौद्याला धुऊनधुऊनही न गेलेला म्हशींचा वास.

"कशाला पायजे म्हणालासा गाडी?" गणपतरावांनी विचारलं.

"ऑफिसला जायला," गुरुप्रसाद म्हणाला, "आणि एक ट्रेलर ओढायचाय. हिचा खाण्याच्या पदार्थांचा."

"म्हंजी टोचनला! मग हिच्यागत गाडी न्हाय बगा. चिखलात बसलेला उसाचा ट्रॅक्टर वडलाय हिनं. मागं हूकच दावतो तुमास्नी. माज्या पोरानं घरात वेल्डिंग करून घेतलाय, हत्ती बांधा."

बायडाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी श्यामलाला आधी कप दिला आणि मग गुरुप्रसादपुढे धरला, डावीकडून. तो समोर गाडीकडे बघत राहिला. कप तसाच हवेत. श्यामलानं कोपरानं ढोसलं तेव्हा तो दचकला. "ह्यांचं ध्यान गाडीतच गुतलंय," बायडाबाई हसून म्हणाल्या. सगळे हसले. तोही हसला, हसायला उशीर झाला तर लोक निरखून बघतात, हे तो हल्ली शिकला होता.

मग गाडी चालवून बघणं आलं. किल्ली अर्धी फिरवायची, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग पुढे, असं गणपतरावांनी सांगितलं. इंजिन खोकलं, थरथरलं आणि मग एका जड, सावकाश लयीत चालू झालं. ती थरथर सीटमधून त्याच्या मांड्यांत, पोटात, दातांत आली. गावाबाहेरचा सरळ रस्ता, दुतर्फा तोडून नेलेल्या उसाची रिकामी रानं, समोर कुणी नाही. नाकासमोरचं तेवढं सगळं सोनेरी आणि मोकळं. क्षणभर त्याला वाटलं, जमतंय की! डॉक्टर काय, सगळ्यांनाच घाबरवतात. हा क्षण त्याला फार आवडला. श्यामला शेजारी बसून काहीतरी गुणगुणत होती आणि तिचा आवाज, ती दिसत नसताना, तरुण वाटत होता. परत आल्यावर त्यानं ठरल्याप्रमाणे तोंड वाकडं केलं. "क्लच जरा जड आहे," म्हणाला.

"असंल की! गाडी हाय, सायकल न्हाय," गणपतराव म्हणाले. "चला, मागं हूक बगू आनि तितंच बोलू." आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःच्या उजव्या हातावर पसरला. "हात घाला आत. आमी तोंडानं भाव करत न्हाय. बाजारात चार कान आसत्यात. बोटं धरायची. तुमचं तुमी धरा, माजं मी धरतो. पटलं न्हाय तर हात सैल सोडायचा. पटलं की पंजा आवळायचा, म्हंजी मोडता येत न्हाय. आमच्यात बापाच्या शपतीपरास हे मोठं."

श्यामलाला याची फार मजा वाटली. "बघू तरी कसं करतात ते," ती म्हणाली. गुरुप्रसादनं टॉवेलखाली हात घातला. आत गणपतरावांचा हात ऊबदार, खरखरीत, दोरांनी घासलेला. त्यांनी याची बोटं धरली, अमुक लाखाची, मग अमुक हजारांची, आणि तोंडानं मात्र हवापाण्याचं बोलत राहिले. आकडा चढा होता. छान, गुरुप्रसादला वाटलं. हात सैल सोडायचा, बस्स. एकही शब्द न बोलता नाही म्हणता येईल अशी सोय जगात आहे आणि ती आपल्याला इतक्या उशिरा कळावी! तो मनातून जवळजवळ सुखावला. टॉवेलखाली हात तसेच ठेवून दोघं गाडीच्या मागच्या अंगाला वळले, गणपतराव उजवीकडे, तो डावीकडे. हात सैल सोडायच्या बेतात असतानाच त्याच्या डाव्या नडगीवर लोखंडाचा असा घाव बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो हूक. हत्ती बांधायचा. तिथे काहीच नव्हतं, आणि तिथे तो होता. गुरुप्रसादचा तोल गेला, आणि पडणारा माणूस हाताशी येईल ते धरतो तसा त्यानं टॉवेलखालचा पंजा सगळ्या ताकदीनिशी आवळला.

"जमलं!" गणपतराव गरजले. "वा रं मर्दा! एका दमात! बायडा, साखर आन गं!"

पुढचं सगळं फार भराभर झालं. बायडाबाईंनी वाटीतून साखर आणली. श्यामला टाळी वाजवून हसली. अहो, मी पडत होतो, एवढंच म्हणायचं होतं. पण मग हे कुणीतरी विचारलंच असतं, की एवढा मांडीएवढा हूक, भर उन्हात, दिसला कसा नाही? त्याच्या तोंडात साखर विरघळत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा गोडही असतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं श्यामलाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तसं तिनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. जरा लाजून, जरा नव्यानं. "मला वाटलेलं तुम्ही नापसंत करणार," ती हळूच म्हणाली. "तुमच्या मनातून नाहीये असंच वाटायचं मला. एका झटक्यात हात आवळलात!" गुरुप्रसाद म्हणाला, "हो." नडगीतून रक्त येऊन मोज्यात उतरत होतं.

गाडी उद्या कुणाला तरी पाठवून नेऊ, असं त्यानं सुचवून पाहिलं. गणपतरावांनी कानाला हात लावले. "साखर खाल्ल्यावर? विकल्यालं जनावर रातच्याला जुन्या दावणीला बांधत न्हाईत, पावणं. गाडीबी तसंच. कागुद सावकाश करू, गाडी आत्ता न्या." बायडाबाईंनी बोनेटला हळदकुंकू लावलं, चाकावर नारळ फोडला आणि डोळ्यांना पदर लावला. म्हशी गेल्या, आता गाडीपण चालली, म्हणाल्या. सगळं जग एका बाजूला उभं राहून त्याला त्या दाराकडे ढकलत होतं, आणि ढकलणाऱ्यांत एकही माणूस वाईट नव्हता. तो वर चढून बसला.

हायवेच्या पुलाखालून गाडी शहराकडे वळली. कारखाना सुरू होता, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या, हवेत मळीचा आंबूस वास. तो गाडी रस्त्याच्या मधोमध ठेवून हळू चालवत होता. मागचे हॉर्न मारून, शिव्या मोजून पुढे जात होते. सतत मान वळवत राहायचं, समोर, डावीकडे, समोर, असं त्यानं ठरवलं होतं. पण डावीकडे वळवली की समोरचं नाहीसं व्हायचं, आणि तेवढ्यात समोर काय उगवेल या भीतीनं तो ती लगेच परत फिरवायचा. स्टिअरिंग घामानं ओलं झालं. श्यामला पावभाजी नको, आंबोळीच बरी, चटण्या मात्र तीन ठेवू, असं बोलत होती. तिचा आवाज त्या काहीच नसलेल्या बाजूनं येत होता. इतकी वर्षं ती आपल्या डाव्याच बाजूला बसत आली, स्कूटरवर सोडून सगळीकडे, लग्नाच्या पाटावरसुद्धा, असं काहीबाही त्याच्या मनात येत होतं. कावळा नाका गेला. आता बावड्याचा रस्ता. सांगावं का? घरी गेल्यावर सांगू. आधी घर तर येऊ दे, त्याला वाटलं.

"अहो!" श्यामला किंचाळली.

त्यानं ब्रेकवर पाय मारला. गाडी करकरत थांबून बंद पडली, आणि डावीकडून काहीतरी घासल्याचा आवाज आला. मान वळवली तेव्हा आरशाशेजारी एक म्हातारी उभी होती, डोक्यावरचा उसाच्या वाड्याचा, हिरव्या शेंड्यांचा भारा अर्धा रस्त्यात सांडलेला. तिला लागलं नव्हतं. लागलं असतं तर ती इतकी मोठ्यानं ओरडू शकली नसती. "डोळं फुटल्यात व्हय रं मुडद्या तुजं? आंधळा हाईस व्हय?" ती तोंडातल्या तोंडात आणखी बरंच बोलली, भारा आवळला आणि पाय आपटत निघून गेली. रस्त्यावर अशी शिवी रोज कुणीतरी कुणाला तरी देतं, आणि घेणारा ती घेत नाही.

"तोंड बघा बाईचं," श्यामला छातीवर हात ठेवून म्हणाली. घाबरून ती हसत होती. "काय पण बोलतात!"

"खरं आहे तिचं," गुरुप्रसाद म्हणाला.

मग तो समोर काचेकडे बघत सगळं बोलला. घुमट, टिक टिक, काचबिंदू, खणातले थेंब, कंबर. बोलताना त्याला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी तक्रार अर्ज वाचून दाखवावा तसा कोरडा वाटला. श्यामलानं मधे एकदाच विचारलं, "कधीपासून?" तेही त्यानं सांगितलं. मागे उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.

"म्हणजे मघाशी तुम्ही हात आवळलात..." ती म्हणाली.

"हूक लागला. पडत होतो."

"असं."

एवढाच शब्द. डोळ्यांचं ऐकून तिला धक्का बसला असेल, पण तो शब्द डोळ्यांसाठी नव्हता, हे त्याला न बघताही कळलं. तिला दिलेलं काहीतरी त्यानं आत्ता, रस्त्यात, परत काढून घेतलं होतं, आणि ते मुळात त्यानं दिलेलंही नव्हतं. तिला जवळ घ्यावं, माफी मागावी, रडावं, यातलं काहीतरी करावंसं त्याला फार वाटलं. हात स्टिअरिंगवरच राहिले. ट्रॅक्टरवाला खाली उतरून येत होता. "ओ पावणं! घर हाय का रस्ता?" श्यामलाला गाडी येत नव्हती. अवनी पुण्यात. शेजाऱ्यांशी ट्रेलरवरून बोलणं तुटलेलं. बाजूला घ्यावी तर बाजू म्हणजे डावी.

"चालवा," श्यामला म्हणाली. "घरापर्यंत चालवा. डावीकडचं मी सांगते."

त्यानं किल्ली अर्धी फिरवली, थांबला, मग पूर्ण फिरवली. गाडी निघाली. "सायकल," श्यामला म्हणाली. तो उजवीकडे सरकला. "गेली. आता रिक्षा, उभी आहे." शाळेत पोरांना पाढे म्हणून दाखवावेत असा तिचा आवाज, एका पट्टीतला. "म्हैस. दोन म्हशी. हळू. मुलगा पळतोय. थांबा. हां, चला." त्यानं आयुष्यात तिचं इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. लाईन बाजार मागे पडला. "काही नाही," ती म्हणाली. "काही नाही." मग थोड्या वेळानं पुन्हा, बारीक आवाजात, "काही नाही." आणि मग तिचं बोलणं थांबलं. समोर रस्ता होता तेवढा दिसत होता. डावीकडे खरंच काही नव्हतं म्हणून ती गप्प होती, की ती रडत होती, की तिनं खिडकीबाहेर बघायचंच सोडून दिलं होतं, त्याला कळेना. मान वळवून बघावं तर समोरचं सुटणार होतं. इंजिनच्या थरथरीत तिच्या श्वासाचाही आवाज येत नव्हता.

"श्यामला," तो म्हणाला. "डावीकडं काय आहे?"

त्यानं आणखी एकदा, जरा मोठ्यानं विचारलं, आणि गाडी चालतच राहिली.